उसाच्या कडेचा फोटो

दिग्विजयने झूम शेवटपर्यंत नेला, आणि वैरण कापणाऱ्या आईच्या मागे, उसाच्या पाचटात, त्याला दोन कान दिसले.

आधी मांजर वाटलं. कॅमेरा नवा होता, तळहातावर मावेल एवढा, पण नळी बाहेर आली की लांबचं माणूस शेजारी आणून बसवणारा. खराडीच्या ऑफिसात आठवडाभर सगळ्यांना दाखवून झाल्यावर तो शनिवारी लोणी काळभोरला घरी घेऊन आला होता. पण आईला, सुशीलाबाईंना, कॅमेरा दिसला की त्या हातातलं काम टाकायच्या, पदर डोक्यावर घ्यायच्या आणि झेंडावंदनाला उभ्या राहिल्यासारख्या ताठ व्हायच्या. त्याला काम करणारी आई हवी होती, तिच्या नकळत. म्हणून तो गच्चीवर चढला होता.

कान हलले. खाली तोंड दिसलं. एवढं मोठं तोंड मांजराचं नसतं.

"दादा," तो म्हणाला.

वडील, रावसाहेब, गच्चीच्या दुसऱ्या टोकाला भुईमुगाच्या शेंगा पसरत होते. त्यांनी येऊन कॅमेऱ्याच्या पडद्यात पाहिलं. "बिबट्या," म्हणाले, आणि कठड्याकडे धावणाऱ्या पोराचं मनगट घट्ट धरलं.

"बिबट्या म्हणून बोंबललास तर ती घाबरून खाली बसंल, न्हाय तर पळंल. वाकलेलं माणूस त्याला माणूस वाटत न्हाय, वनखात्याचा माणूस सांगून गेलाय. तिला उभी कर."

"कशी?"

"फोटो काढतो म्हण. मी ट्रॅक्टर घेऊन जातो. तवर तिला वाकू देऊ नको."

साठी ओलांडलेला माणूस दोन दोन पायऱ्या टाकत जिना उतरला.

"आई! फोटो काढतोय!"

दीडशे पावलांवर सुशीलाबाईंनी मान वर केली. गच्चीवर पोरगा, हातात कॅमेरा. त्या उठल्या. विळा खाली टाकला, पदर घेतला, हात मांड्यांना चिकटवले आणि सरळ त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. याच उभं राहण्यावर तो सकाळी दोनदा चिडला होता.

पडद्यावर आता आई छातीपर्यंत दिसत होती आणि तिच्या उजव्या खांद्याशी ते तोंड. झूममध्ये मागचं-पुढचं एकाला एक चिकटून दिसतं. मधे दोन हात जागा आहे की वीस, ते कळायला मार्ग नव्हता. दिग्विजयचे हात इतके थरथरत होते की आई पडद्याबाहेर जायची, परत यायची.

"झाला का रं?"

"नाही! हात हलला. अजून एक!"

"किती काढतोस? पुरं आता, पेंढी बांधायची हाय." आणि त्या वाकायला लागल्या.

"आई!"

ही हाक फोटोसाठीची नव्हती. सुशीलाबाई अर्ध्या वाकलेल्या होत्या, तिथून सरळ झाल्या. काहीतरी आहे हे त्यांना कळलं असावं. त्यांनी विचारलं नाही, मागे वळूनही पाहिलं नाही. पोराच्या तोंडाकडे बघत तशाच उभ्या राहिल्या, आणि त्याचं बोट बटणावर दाबलं गेलं, ते त्याचं त्यालाही समजलं नाही.

खाली ट्रॅक्टर धडधडला. आता हाक पोहोचणार नव्हती. तो नुसता हात उंच धरून राहिला: थांब, थांब. ट्रॅक्टर बांधावर चढला. पडद्यावर खांद्याशी नुसती पाती दिसली. कान नव्हते. गेला, का खाली दबून बसला? दिग्विजय डावीकडे, उजवीकडे कॅमेरा फिरवत राहिला. सगळीकडे ऊस आणि ऊसच.

मग पडद्यात ट्रॅक्टरचं लाल तोंड घुसलं, आणि रावसाहेबांनी बायकोला हाताला धरून वर ओढलं.

सुशीलाबाई घरी आल्या तेव्हा त्यांना वाटेत सगळं कळलं होतं. त्या ओट्यावर टेकल्या. पाणी दिलं तर तांब्या दातांवर वाजला. दिग्विजय त्यांच्या पायाशी बसला आणि त्यांचा गुडघा धरून ठेवला. गोठ्यात म्हशी ओरडत होत्या.

"दाखव," शेवटी त्या म्हणाल्या.

एकच फोटो निघाला होता, तोही जरासा हललेला. पदर घेतलेली आई ताठ उभी, आणि बिबट्याने तिच्या खांद्यावर हनुवटी टेकल्यासारखं दिसत होतं. दोघंही समोर, कॅमेऱ्यातच बघत होते.

सुशीलाबाईंनी फोटो पुष्कळ वेळ पाहिला. मग पडदा पदराने पुसला आणि कॅमेरा त्याच्या हातात दिला.

"तू उद्या किती वाजता निघणार?"

"सहाला. पण आई, तू आता वैरणीला जायचं नाहीस."

"म्हशींना काय फोटो घालू?" त्या म्हणाल्या. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "जाते की. मधनं मधनं उभी राहत जाईन. तू गच्चीवर हायस असं समजून."