हिरव्या पट्टीचा फोन

"ताई, आज मला हे दारच सापडेना," धाकटी म्हणाली आणि खुर्चीत बसली.

ताईनं तिच्या डाव्या कानाला हिरव्या पट्टीचा फोन बांधला. पट्टा जरा सैलच ठेवला. जणू सैल पट्ट्यातून लहरी कमी जातात.

"कुठलं दार?"

"हेच. रोजचंच."

थांबा, आधी नियम. प्रयोगशाळेत फोन बरेच. निळ्या पट्टीचे, पिवळ्या, हिरव्या. काहींतून खऱ्या लहरी निघत, काहींत नुसता शिशाचा तुकडा, वजन सारखं भरावं म्हणून. कुठला फोन कसला, हे खोलीतल्या कुणालाच ठाऊक नसे. आलेल्या माणसानं तो कानाला लावून बसायचं, मग रक्त द्यायचं. लहरींनी मेंदूतली रसायनं बदलतात का, ते डॉक्टर बघत. रक्त कर्मचाऱ्यांनीही द्यायचं, तुलनेसाठी. फोनची पाठ मात्र कुणी उघडायची नाही. उघडली की नोकरी गेली, आणि मग दुसरी कुठलीही प्रयोगशाळा दारात उभं करणार नाही.

ताईच्या नोकरीवर घर चालत होतं. आई गेल्यावर धाकटीला तिनंच वाढवलं, स्वतःच्या तोंडचा घास काढून. इथे आणलंही तिनंच. डॉक्टर म्हणाले होते, "घरातलं कुणी असेल तर बघा. विश्वासाचं माणूस बरं पडतं."

सुरुवातीला सगळी मजाच. "मेंदू शिजला की शिट्टी होईल," धाकटी म्हणायची, "तेवढा गॅस बंद कर."

मग थट्टा आटली. धाकटी नळ उघडा टाकून बाहेर जाऊ लागली. साखरेच्या डब्यात मीठ ओतलं. बसल्या जागी रडायची, का ते तिलाच सांगता यायचं नाही.

"सोड हे," ताई म्हणाली.

"मधेच सोडलं तर तुझं नाव खराब होईल."

"नावाचं काय लोणचं घालायचंय?"

धाकटी ऐकेना. ताई डॉक्टरांकडे गेली.

ते चष्मा पुसत राहिले. "अजून काहीच सिद्ध झालेलं नाही."

"सर, तिचं डोकं चालेनासं झालंय."

"तिला सोडायचं तर तिनं सोडावं. मी कुणाला बांधून ठेवलेलं नाही. आणि हो, तुमचं या वेळचं रक्त द्यायचं राहिलंय."

ताईनं दिलं.

आणि आज हे दार. वेळ संपली. ताईनं फोन सोडला, तेव्हा धाकटी तिच्याकडे बघत राहिली. रस्त्यात कुणी ओळख दाखवावी आणि आपल्याला नाव आठवू नये, तसं.

"मी तुला काय हाक मारते गं?" तिनं हळूच विचारलं. मग तिचे डोळे भरून आले.

ताईनं धाकटीला पाणी प्यायला बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि खणातून स्क्रूड्रायव्हर काढला.

नोकरी? गेली खड्ड्यात.

हिरवी पट्टी फाडली. पाठ उचकटली.

शिसं.

नुसतं शिसं. ताई हसली, मग हसता हसता रडली. म्हणजे लहरी नव्हत्याच. म्हणजे धाकटीला काही—

मग नळ? मग मीठ?

हात थांबेनात. निळी पट्टी. शिसं. पिवळी. शिसं. जो उघडावा त्यात शिसं.

डॉक्टर आत आले. रागावलेले नव्हते. त्यांनी तिच्यासमोर खुर्ची सरकवली.

"बसा. लहरी इथे कधीच नव्हत्या. लहरींची भीती मेंदूत काय करते, ते बघायचं होतं. आपल्या माणसासाठी वाटणारी भीती. तुमच्या रक्तात ती छान दिसली."

ताईला आधी आठवली धाकटी. "तिला हे सांगू नका, सर. बिचारी कोसळेल."

"कोण?" डॉक्टर म्हणाले आणि बाजूला झाले.

मागे धाकटी उभी होती. अंगात इस्त्रीचा पांढरा कोट, गळ्यात कर्मचाऱ्यांचं ओळखपत्र. तिनं टेबलावरचे उघडे फोन पाहिले. ताईकडे पाहिलं नाही.

"मी सांगितलं होतं ना, सर," ती म्हणाली. "मी रडले की ती काहीही करते. लहानपणापासून."