पट्ट्याच्या चपला

“चालताना पायातली चप्पल निसटते आणि तुम्हाला कळतही नाही, असं होतं का?” न्यूरोसर्जन डॉ. रणदिव्यांचा हा ठरलेला प्रश्न.

समोरच्या आजींनी मान डोलावली. मग डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला फैलावर घेतलं. “मणक्यात मज्जारज्जू दबलाय. पायांतली गेलेली जाणीव आता ऑपरेशननेही परत येईलच असं नाही. इतके दिवस काय झोपा काढत होतात?”

“वयामुळे वेंधळेपणा वाढलाय असं वाटलं, साहेब. पट्ट्याच्या चपला घेऊन दिल्या.”

डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख लिहून दिली.

संध्याकाळी ते घरी पोचले, तेव्हा त्यांची आई देवळातून परतून, कठडा धरून जिना चढत होती.

“तू दिवाळीत दिलेल्या पट्ट्याच्या चपला,” ती कौतुकाने म्हणाली, “एकदाही निसटल्या नाहीत बघ.”