मिरचीची शेवटची ओळ

चंद्रावरच्या वसाहतीतल्या बागेत मिरचीची शेवटची ओळ सुकत चालली होती. ठिबकच्या नळीतून तिथवर पाणी पोचतच नव्हतं. कौसल्याबाई थोरातांनी नळी धुतली, गाळणी साफ केली, पण उपयोग झाला नाही. संगमनेरच्या मळ्यात सहा फुटांवरची टाकी त्यांना नेहमी पुरायची; इथेही त्यांनी पाण्याचं पिंप तेवढ्याच उंचीवर ठेवलं होतं.

"मावशी, इथे पाण्याचं वजनच सहापट कमी," अभियंता तन्वीर म्हणाला. "दाब कुठून येणार? पंप येईल दोन महिन्यांनी, पुढच्या यानातून."

"तोवर रोपं जगायची नाहीत. टाकी सहापट उंच ठेवू."

"छत्तीस फुटांवर? भरलेलं पिंप चढवणार कोण?"

कौसल्याबाईंनी साठ लिटरचं पिंप उचलून खांद्यावर घेतलं. ते दहा लिटरच्या कळशीइतकंच जड लागलं. गुडघ्यांपायी गावाकडे त्यांनी जिना चढणंसुद्धा सोडलं होतं. इथे त्या शिडीने थेट घुमटाखालच्या फळीपर्यंत पोचल्या आणि पिंपाला ठिबकची नळी जोडून स्वतःशीच हसल्या.

खाली येऊन त्या शेवटच्या रोपापाशी बसल्या. थोड्या वेळाने नळीच्या भोकाशी थेंब फुगला, सुटला आणि सावकाश मातीवर उतरला.

"पंपाचं काय करू, मावशी?" तन्वीरने विचारलं.

"नको म्हणून कळव. त्याच्या जागी मिरचीचं बी मागव. आणखी एक ओळ लावू."