त्याचं गाणं तोडू नका

टॅबवरची पट्टी हिरवी झाली तसा आईने मिक्सर बंद केला. चिमीच्या गाजराचा लगदा भांड्यात अर्धवटच राहिला.

"लागलं बघ," आई थोरलीला म्हणाली. "खूप दिवसांनी लागलं."

टॅब ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला असे. त्यातून आवाज काहीच येत नसे. नुसतं गाण्याचं नाव दिसे आणि खाली बारीक अक्षरांत, ते कुठल्या फोनवर चालू आहे ते: डबडं. धाकट्याने आपल्या फोनला ठेवलेलं नाव. गाण्यांचं खातं घरात सगळ्यांचं मिळून एकच होतं आणि त्यावर एका वेळी एकाच ठिकाणी गाणं वाजे. इथे कुणी बटण दाबलं की तिकडे त्याचं बंद. म्हणून धाकटा न सांगता निघून गेल्यापासून या घरात कुणी गाणं लावलं नव्हतं. त्याचा नंबर लागत नव्हता, मेसेज जात नव्हते. पण दुपारी कधीतरी ही पट्टी हिरवी व्हायची आणि त्या दिवशी आई नीट जेवायची.

एकदा थोरलीच्या कडेवरून तिच्या चिमीचा हात टॅबवर पडला आणि त्याचं गाणं तुटलं. नातीला रागावता येईना, म्हणून आई थोरलीलाच बोलली. बोलत असलेल्या माणसाचा फोन तोंडावर आपटलास, म्हणाली.

गाण्याच्या नावावरून आई त्याची तब्येत ओळखायची. संथ काही असलं की दमलाय. नुसतीच वाद्यं असली की डोकं दुखतंय, कुणाचं बोलणं नकोय. थोरली हो ला हो करायची.

आताही थोरलीने हात पुसले, चिमीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं.

नाचाचं गाणं होतं, नव्या सिनेमातलं. एका जुन्या, चांगल्या गाण्याची चाल उचलून तिच्यावर धाडधाड ठेका बसवलेला. सध्या ते दुकानांत, रिक्षांत, रील्सवर, जिकडे तिकडे वाजत होतं. असल्या गाण्यांना धाकटा 'मढ्याला लिपस्टिक' म्हणायचा. सिनेमा बघताना असलं काही आलं की पाणी प्यायला उठायचा आणि ते संपेपर्यंत स्वयंपाकघरातच उभा राहायचा. नेटवर सापडलेलं काहीबाही तो थोरलीला पाठवत असे. कधी बंद पडलेल्या साबणाच्या जाहिरातीची धून, कधी कुण्या म्हाताऱ्याने स्वतःच्या बाल्कनीत बसून वाजवलेलं व्हायोलिन. वर दम असायचा, हेडफोन लावून ऐक, भांडी घासताना नको.

आपोआप लागलं असेल, तिने स्वतःला समजावलं. एक गाणं संपलं की ही ॲपं आपल्या मनाने दुसरं लावतात.

तेवढ्यात ते गाणं मध्येच थांबलं आणि पहिल्यापासून सुरू झालं. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. कुणीतरी बोटाने मागे नेत होतं. कुणाला तरी ते फार आवडलं होतं.

फोन तोच होता. हात दुसरा होता.

विकला असेल. चोरीला गेला असेल. तिसरं तिला मनात आणायचं नव्हतं, पण ते येऊन बसलंच. पोलिसांना हे आजच सांगायला हवं होतं. आणि त्यांना सांगितलं की ते घरी येणार, आईच्या समोर बसून विचारणार, तुमचा मुलगा असली गाणी ऐकायचा का. चिमीला लसीचा डोस द्यायचाय असं सांगून बाहेर पडावं का, याचा ती हिशेब करत राहिली. गेल्याच आठवड्यात डोस झालेला, हे आईला पक्कं ठाऊक होतं.

"काय लावलंय?" आईने विचारलं. चष्म्याशिवाय तिला ती अक्षरं लागत नसत.

दुसरं एखादं नाव थोरलीला त्या क्षणी सुचलं नाही.

"नाचाचं आहे."

"नाचाचं?" आई ओट्याला टेकून उभी राहिली. तिचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. "अगं, म्हणजे बरा आहे की तो."

मग ती बोलतच सुटली. जेवणखाण नीट होत असणार. चार माणसं भेटली असणार सोबतीला, एकटा माणूस कशाला नाचाचं गाणं लावेल. आता फोनसुद्धा करेल बघ एखादवेळी, राग निवळला की करेलच. बोलता बोलता तिने बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा टॅबकडे पाहिलं. थोरली चिमीच्या हनुवटीवरची लाळ पुसत राहिली. ती आधीच पुसून झाली होती.

"कसं आहे गं ते गाणं? म्हण ना जरा."

"मला नाही येत."

"दिवसभर रील्स बघत असतेस आणि एवढं येत नाही?"

थोरलीने घसा खाकरला आणि म्हणायला घेतलं. आवाज खालीच राहिला. आईने चिमीला तिच्याकडून काढून घेतलं आणि ओट्यापाशीच गुडघ्यांत झुलत तिला नाचवू लागली.

"मोठ्याने म्हण. त्याला आवडलंय ना ते."

थोरलीने मोठ्याने म्हटलं. चिमीने आधी आजीच्या तोंडाकडे पाहिलं, मग थोरलीच्या. मग तिने दोन्ही हात एकमेकांवर आपटले. इतके दिवस सगळ्यांनी शिकवूनही न जमलेली टाळी.

"वाजवली गं बाई," आई म्हणाली आणि तिने त्या चिमुकल्या हातांचे मुके घेतले. "मामा आला की अशीच वाजवून दाखवायची हं त्याला."

थोरलीला पुढचं कडवं येत नव्हतं. तिने पहिलंच पुन्हा म्हणायला घेतलं.