नंदाबाईंची प्रश्नांची वही

"पहिला प्रश्न," नंदाबाईंनी वहीवर बोट ठेवलं. "दोन-दोन महिन्यांनी टोचायची सुई असते, असं मोबाईलवर वाचलं. ती काहून नाही देत?"

शेजारच्या खुर्चीत देवदत्त अवघडून बसला होता. सुट्टी काढायला लावून आईने त्याला नेपियर टाउनातल्या या दवाखान्यात ओढूनच आणलं होतं. एचआयव्हीच्या औषधांबद्दल सगळं नीट विचारून घ्यायचं, नाहीतर लग्न रद्द, असा तिचा हुकूम होता.

डॉक्टर समिधांनी रिपोर्ट उलगडला. "ती सुई इथे अजून सहज मिळत नाही, काकू. आणि ही रोजची एक गोळी छान लागू पडली आहे. मग बदलायची कशाला?"

"किडनीला त्रास?"

"सध्या सगळं ठीक आहे. सहा महिन्यांनी परत तपासू."

नंदाबाईंनी उत्तर लिहून घेतलं. आठवीत शाळा सुटलेली ही बाई डॉक्टरांना न बिचकता प्रश्न करते, याचं देवदत्तला मनापासून कौतुक वाटलं. बाबा गेले तेव्हा या आजाराचं नाव काढायला घरात कुणी धजत नव्हतं.

"लग्नाच्या धावपळीत गोळी चुकली तर?"

"आठवली की लगेच घ्यायची. दोन एकदम मात्र नाही. आणि पंगतीनंतर पित्ताचं औषध लागलंच, तर ते या गोळीनंतर दोन तासांनी."

पुढच्या प्रश्नाला नंदाबाईंचा आवाज उतरला. "समोरच्यांपासून आम्ही काही लपवलं नाही. पण संसार म्हटला की... त्यांना लागण झाली तर?"

देवदत्तचे कान तापले. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागला. सगळं लग्न या एका उत्तरावर अडलं होतं.

"वर्षभर रक्तात व्हायरस सापडलेला नाही. गोळी अशीच रोज चालू राहिली, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. त्यांनाही घेऊन या, मी समोर बसवून सांगते."

नंदाबाईंनी वही मिटली आणि डोळ्यांना पदर लावला. देवदत्तलाही भरून आलं.

"चलो, आता निश्चिंत व्हा," डॉक्टर हसल्या. "देवदत्तजी, तुमची तयारी कुठवर आली?"

"धोतर नेसणं शिकून राहिलो, मॅडम," देवदत्त म्हणाला. "आईचं कन्यादान मलाच करायचं आहे."