बाथरूमची कडी

बाथरूमची आतली कडी पुन्हा नाहीशी झाली होती. कडी काही हवेत विरणारी वस्तू नव्हे, आणि स्क्रू कुणीतरी सावकाश, एकही ओरखडा न पाडता काढले होते. ज्या माणसाचं पोट दुसऱ्यांच्या घरातल्या चोरांवर भरतं, त्याला स्वतःच्या घरात कुठे पाणी मुरतंय हे कळायला वेळ लागत नाही. कुलूपवाल्याने सगळं मनात जोडत आणलं होतं. तो आंघोळीला बसला की दाराखालच्या फटीत बायकोची पावलं दिसायची, न हलणारी. पलंगाजवळचं टोकदार टेबल तिने न विचारता कोपऱ्यात सरकवलं होतं. आणि दर शनिवारी दुपारी ती मैत्रिणीकडे जायची. कोणती मैत्रीण, हे विचारलं की विषय बदलायची.

आजही ती गेली. त्याने चहाचा घोट घेतला, तर तो जिभेला झोंबला. हल्ली जीभ वरचेवर चावली जायची. रागच चावतोय आपल्याला, असं म्हणून त्याने कप ठेवला, अवजारं काढली आणि घराच्या दाराचं कुलूप बदललं. दोन्ही नव्या किल्ल्या खिशात टाकल्या. संध्याकाळी तिची किल्ली फिरणार नव्हती. जाऊ दे मग त्या मैत्रिणीकडेच.

ठिकाण त्याने मागच्याच आठवड्यात हेरून ठेवलं होतं. वाचनालयाच्या वरची खोली, दारावर नुसतं 'शनिवार गट' एवढंच लिहिलेलं. दाराला वरच्या बाजूला काच होती. तो टाचा उंचावून आत बघू लागला.

जमिनीवर एक भरघोस मिश्यांचा माणूस उताणा पडला होता. त्याच्या डोक्याखाली तिची शाल. ती त्याच्याजवळ गुडघे टेकून बसली होती आणि त्याच्या शर्टाचं गळ्याजवळचं बटण काढत होती.

कुलूपवाल्याने दार ढकललं.

"वा! मैत्रिणीला मिश्या आहेत की!"

तिचा हात बटणावरच थांबला. खालच्या माणसाने एक डोळा उघडला.

"अहो दादा, जरा थांबा. मला फिट आलीय. अजून कुशीवर वळवायचं राहिलंय."

भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसलेली माणसं हसली. त्यातल्या पिकल्या केसांच्या बाई पुढे आल्या. त्या निवृत्त नर्स होत्या, आणि हा गट त्याच चालवत होत्या.

"फिट येणाऱ्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा गट आहे हा," त्या म्हणाल्या. "फिट आली की काय करायचं, काय करायचं नाही, ते शिकतो. ह्यांना खरंच यायची. गोळ्या लागू पडल्यापासून आता हौसेनं पडतात."

"मग बाहेर तसं लिहीत का नाही?"

"लिहिलं की जिना कुणी चढत नाही."

पण संशयाला एक दार बंद झालं की तो दुसरं शोधतो. तो बायकोकडे वळला.

"म्हणजे तुला फिट येतात! लपवलंस माझ्यापासून? तुझ्या माहेरच्यांना सगळं ठाऊक असेल. मीच तेवढा मूर्ख!"

आता कुणी हसलं नाही. कुणी तिच्याकडे पाहिलंही नाही. सगळे त्याच्याकडेच बघत होते.

ती उठली. गुडघ्यांची धूळ झटकली.

"जीभ दाखवा," ती म्हणाली.

"काय?"

"दाखवा की. घरी दाखवत नाही, इथे तरी दाखवा."

तोंडातल्या तोंडात त्याची जीभ आपोआप दाताकडे गेली. कडेची जखम अजून ओली होती. त्याने तोंड उघडलं नाही.

"पहाटे येते तुम्हाला," ती म्हणाली. "अंग ताठ होतं, मग झटके. मग गाढ झोपता, आणि उठून मलाच विचारता, टेबल का सरकवलं. एकदा सांगितलं होतं. तेव्हा म्हणालात, मला आजारी ठरवून दुकान तुझ्या भावाच्या घशात घालायचंय तुला."

"डॉक्टरांनी तपासल्याशिवाय मी काही ठरवणार नाही," नर्सबाई म्हणाल्या. "पण तुमच्या ह्या इथे पहिल्या दिवसापासून एकच विचारतायत. संशयी माणसाला दवाखान्यात न्यायचं कसं? त्यावर आमच्यातल्या कुणाकडेच औषध नव्हतं."

मिशीवाला उठून बसला होता. "मला तर वाटायचं," तो म्हणाला, "बायको रात्री मला बडवते. सकाळी अंग इतकं दुखायचं!"

दोघं घरी निघाली. त्याच्या वरच्या खिशात नर्सबाईंनी डॉक्टरांच्या नावे दिलेली चिठ्ठी होती. खालच्या खिशात दोन किल्ल्या एकमेकींवर वाजत होत्या. वाजू नयेत म्हणून तो हळू चालत राहिला, आणि ती पुढे गेली.

तिने आपली किल्ली दाराला लावली. किल्ली अर्ध्यात अडली. तिने ती काढून बाहीला पुसली आणि परत लावली. मग तिचं लक्ष कुलपाच्या कोऱ्या पितळेकडे गेलं. ती बराच वेळ तिथेच बघत राहिली.

कुलूपवाल्याने खिशात हात घातला आणि दोन्ही किल्ल्या तिच्या हातावर ठेवल्या.

"दोन्ही?"

"मी आत पडलो, तर बाहेरून उघडायला नको?"

तिने दार उघडलं. उंबरठ्यावर थांबून, मागे न वळता म्हणाली,

"तुमची कडी पिठाच्या डब्यात आहे."

"राहू दे तिथेच," कुलूपवाला म्हणाला.