नळीवरचा नंबर

"मामा, नवरदेवाला काढायचं ठरलं," डॉक्टरीणबाई सूक्ष्मदर्शकावरून मान वर करत म्हणाल्या. "सलग तिसऱ्यांदा वीर्य पाण्यासारखं निघालं. खाटकाची गाडी दुपारी येईल."

वळूकेंद्रात जनावरं सांभाळणारे मामा दारातच थिजले. "नवरदेवाला? अहो, कालचं पोर ते! दाजीचं म्हणाला असतात तर एक वेळ..."

"दाजीचं नाव काढू नका. बारा वर्षांचा म्हातारा, पण त्याच्या वीर्याची नळी बघा, जवानाला लाजवेल."

लाजवेल नाही तर काय! ती नळी नवरदेवाचीच होती. दाजीला मामांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. त्याची एक नळी खराब निघाली आणि मामांचा धीरच सुटला. पुढच्या खेपेपासून ते दोघांच्या नळ्यांवरच्या नंबरांच्या चिठ्ठ्या गुपचूप बदलायला लागले. म्हाताऱ्याला तीन संधी, जवानाला सहा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण तो नियम गेल्या वर्षीच बदलला होता. सगळ्यांना तीनच. भिंतीवर कागद डकवलेला, पण मामा कशाला वाचतायत!

खरं सांगितलं तर दाजी जाणार, नाही सांगितलं तर हा.

दुपारी नवरदेव काही केल्या गाडीत चढेना. ड्रायव्हरनं काठी उचलली.

"मारू नका हो त्याला," म्हणत मामा स्वतःच आधी फळीवरून वर गेले. तसा तोही मुकाट मागून चढला आणि त्यांची बाही चाटायला लागला. मामांना स्वतःचीच किळस आली.

"तुमचं भारी ऐकतो की!" ड्रायव्हर म्हणाला, आणि मामा उतरल्यावर त्यानं फळी ओढून घेतली.

गाडी फाटकाबाहेर पडली. बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"वाईट वाटणारच, मामा. पण तुमचा दाजी आहे ना! सोमवारी वरचे साहेब येतायत खास त्याला बघायला. या वयात असा वळू कसा, म्हणतात. त्यांच्यासमोर मी स्वतः त्याची नळी घेऊन नंबर चिकटवणार आहे."

मामा फाटकाची कडी नुसतीच चाचपत राहिले.

"बाई, ही गाडी परत कधी येते?"

"का हो?" बाई हसल्या. "आता आणखी कोणाला पाठवायचंय?"